ऑगडनची पगडी

सप्टेंबर लागला की डेरेक ऑगडन ऑफिसातल्या टेबलाचा खण रिकामा करायला घ्यायचा. पेन्सिली, चहाच्या पिशव्या, गुडघ्याला चोळायचं मलम, शिवण उसवलेला एक जुना बॉल, सगळं पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून खोकं टेबलाखाली सरकवायचा आणि मग महिनाभर मॅनेजरच्या केबिनचं दार वाजलं की मान वर करून बघायचा. ऑक्टोबर उजाडला की सामान पुन्हा खणात. पहिल्या वर्षी मला वाटलं, स्वारीने दुसरी नोकरी बघितली. दुसऱ्या वर्षी न राहवून विचारलंच.

"सप्टेंबरमध्ये सांगतात, देश," तो म्हणाला. "ठेवणार की नाही ते."

देश म्हणजे मी. देशपांडे या आडनावाला त्याने पहिल्याच दिवशी कात्री लावली होती. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत चालायचं, आणि त्याचं इंग्रजी नीट कळायला मला एक अख्खा हिवाळा लागला होता.

इंग्लंडमध्ये कौंटी क्रिकेटचा, म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यांच्या व्यावसायिक संघांचा, मोसम सप्टेंबरात संपतो. संपता संपता एकेका खेळाडूला सेक्रेटरीच्या खोलीत बोलावतात आणि पुढच्या वर्षी तो आहे की नाही ते सांगतात. ऑगडन वर्षानुवर्षं त्या खोलीत गेला आणि नोकरी घेऊन बाहेर आला. शेवटच्या वर्षी नुसताच बाहेर आला. त्यानंतर इंग्लंड सुटलं, बायको सुटली, सप्टेंबर मात्र काही सुटला नाही. आमच्या दुबईतल्या अल क्वोजच्या कारखान्यात कुणाला काढायचं झालं तर त्याला बारा महिने मोकळे होते, पण हे त्याला कोण सांगणार?

हा काळ नव्वदच्या दशकाच्या मधला. आमचा कारखाना एसीचे डक्ट, म्हणजे थंड हवा वाहून नेणारे पत्र्याचे बोगदे, बनवायचा. मी अ‍ॅडमिनमध्ये होतो, म्हणजे व्हिसा, मेडिकल, लेबर कार्ड आणि लोकांची रडगाणी. घर शारजात, कारण दुबईचं भाडं ऐकूनच छातीत धडधडायचं. ऑगडन माझ्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले वर एकटा राहायचा. गाडी माझी, पेट्रोल निम्मं निम्मं, आणि शारजा ते अल क्वोज या रस्त्यावर रोजचा जो ट्रॅफिक जाम असायचा त्यात आमची ओळख मुरत गेली.

डक्टमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. मालकांनी त्याला घेतला होता तो दोन कारणांसाठी. एक, बांधकामांवरचे कन्सल्टंट बहुतेक इंग्रज असत आणि आमची ड्रॉइंग्ज त्यांच्याकडून पास व्हावी लागत. तिथे एक गोरा चेहरा बरोबर असलेला बरा. दोन, शुक्रवारच्या कंपनी लीगमध्ये आमची टीम दर वर्षी तळाला असायची. पहिलं काम त्याने फार न करताच साधलं. एका मीटिंगमध्ये मी होतो. समोरचा कन्सल्टंट आमच्या ड्रॉइंगवर लाल पेन्सिल फिरवत होता. अचानक थांबला आणि ऑगडनकडे रोखून बघत म्हणाला, "तुम्ही ते ऑगडन का? ज्यांनी सेमीफायनलला मिडऑनला कॅच सोडला होता?"

"बॉल ओला होता," ऑगडन म्हणाला.

"मी माझ्या वडिलांबरोबर होतो मॅचला. वडील आठवडाभर जेवले नाहीत नीट."

"माझेही," ऑगडन म्हणाला.

पुढचा तासभर दोघे त्या कॅचबद्दल बोलत होते. ड्रॉइंग पास झालं.

आपल्याकडे अष्टपैलू म्हटलं की हिऱ्याची आठवण होते. ऑगडन स्वतःला ऑल-राउंडर म्हणायचा ते काल रात्रीच्या उरलेल्या भाजीबद्दल बोलावं तसं. "बाकीचे दमले की मी बॉलिंग टाकायचो, बाकीचे आऊट झाले की बॅटिंग करायचो," हे त्याने केलेलं स्वतःच्या सगळ्या कारकिर्दीचं वर्णन. त्यात तक्रार नव्हती. सात नंबरला बॅटिंग, बॉल जुना झाला की बॉलिंग, आणि पाऊस आला की खेळपट्टी झाकायला सगळ्यात आधी धावणं. असे लोक संघात असावेच लागतात, आणि संघाचा फोटो बघताना त्यांचं नाव कुणाला आठवत नाही.

शुक्रवारी सकाळी उजाडायच्या आत आम्ही अजमानकडच्या मैदानावर पोचायचो. मैदान म्हणजे दाबून बसवलेली वाळू आणि मधोमध सिमेंटचा एक पट्टा. त्यावर काथ्याची मॅट अंथरायची, चारी बाजूंनी ओढायची आणि खिळे ठोकायचे. जुम्म्याच्या नमाजाआधी मॅच खलास व्हायला हवी, म्हणून सगळी घाई. इतर टीमचे लोक मॅट टाकून मोकळे व्हायचे. ऑगडन मात्र स्वतःचा हातोडा घेऊन यायचा आणि गुडघ्यावर बसून इंच इंच मॅट ताणायचा. ढिली मॅट फास्ट बॉलरला सुटी देते आणि बॅट्समनला दवाखाना, असं त्याचं म्हणणं. हिरव्यागार गवतावर आयुष्य काढलेला माणूस वाळवंटात काथ्या ताणत बसलाय याचं आम्हाला वाईट वाटायचं. त्याला तसं काही वाटत असल्याचं दिसलं नाही. तंबूतल्या मोठ्या थर्मासातला चहा ओतून घ्यायचा आणि आमच्याकडून उचललेला एकमेव मराठी शब्द म्हणायचा, "चालेल." हा शब्द त्याला फार आवडायचा. इंग्रजीत याला शब्द नाही म्हणे. इन्शाल्ला त्याला आवडत नसे, कारण त्याचा अर्थ कधी हो असतो आणि कधी नाही. चालेल म्हणजे चालेल.

एक गोष्ट मात्र आम्हाला कळत नव्हती. एवढ्या उन्हात तो बोडक्याने खेळायचा. कपाळ टोमॅटोसारखं लाल व्हायचं, नाकाची सालं निघायची. कंपनीने सगळ्यांना टोप्या वाटल्या होत्या. याची किटबॅगेत घडी घालून ठेवलेली. माझी बायको सुनंदा एकदा चिडून म्हणाली, "अहो, घाला की ती टोपी. ऊन लागून पडाल." त्याने हसून मान हलवली. "ती सगळ्यांची आहे," म्हणाला. आम्हाला तो विक्षिप्तपणा वाटला. इंग्रज माणसाला थोडा विक्षिप्तपणा आपण सोडूनच देतो.

दुसरी सवय टीमला महागात पडायची. एका सेमीफायनलला दोन ओव्हर बाकी, थोडेच रन हवेत आणि ऑगडन खेळतोय. बॅटची कड घेऊन बॉल कीपरच्या हातात गेला. इतकी बारीक कड, की कीपरनेसुद्धा अपील अर्ध्यावर सोडलं. अंपायर होते खानसाहेब. अख्ख्या लीगचे ते एकटे कायमचे अंपायर, पेशावरचे, बोलायला गोड आणि बोट वर करायला कंजूस. त्यांनी मान हलवली. पण ऑगडन बॅट बगलेत मारून निघालासुद्धा होता.

"ऑगडनसाब!" खानसाहेब मागून ओरडले. "मैंने आउट नहीं दिया!"

"मला माहितीय, खान," हा मागे न बघता म्हणाला. "मी दिला."

आम्ही हरलो. तंबूत दामले त्याच्या अंगावर धावूनच गेला. प्रमोद दामले आमचा कॅप्टन आणि कंपनीचा पर्चेस मॅनेजर; मूळचा पुण्याचा. "सर, व्हाय? त्याने नॉटआउट दिलं होतं ना!"

ऑगडन पॅड सोडत होता. "मला ऐकू आलं होतं," तो म्हणाला. "आपल्याला ऐकू आलं की आपण जावं. दुसऱ्या माणसाला कशाला बोट वर करायला लावायचं?"

असा हा माणूस. तीनचार मोसमांत त्याने आमची टीम तळातून वर आणली. पण वय कुणाला चुकलंय? पन्नाशी आली आणि उजवा गुडघा गेला. बॉलिंगचा रनअप चार पावलांचा झाला, दोन रन पळायच्या जागी एक, एकाच्या जागी "नो, नो!" त्यातच ड्रॉइंग सेक्शनला सावंत नावाचा रत्नागिरीचा मुलगा आला. तुफान फास्ट टाकायचा आणि वर बॅटिंगही करायचा. त्याला घ्यायचा तर जागा एकच रिकामी होण्यासारखी होती.

आता हे ऑगडनला सांगायचं कुणी? दामले पुण्याचा, सप्लायरला फोनवर उभा-आडवा सोलून काढायचा. पण इथे त्याची दातखीळ बसली. त्याने आडून आडून प्रयत्न केले. "सर, यंदा थोडी रेस्ट?" तर ऑगडन म्हणाला, मी ताजातवाना आहे. "सर, तुम्ही आता टीमचे मार्गदर्शक व्हा." तर ऑगडन म्हणाला, "चालेल. आणि बॅटिंग सातला?" दामले आमच्या घरी येऊन डोकं धरून बसला.

"देशपांडे, या माणसाकडे आहे काय दुसरं?" तो मला म्हणाला. "ना घरी कोण, ना दारी. शुक्रवार काढून घेतला तर जगायचं कशावर त्याने? तोंडावर नाही रे सांगवत. काहीतरी मानाने झालं पाहिजे."

मग त्याला ते सुचलं. सत्कार. सप्टेंबरात इथल्या मराठी मंडळाचा गणपती होता. तिथे ऑगडनचा शाल, श्रीफळ आणि पुणेरी पगडी देऊन सत्कार करायचा. सगळ्यांना कल्पना एकदम पसंत पडली. आपल्यात कुणाला थांबायला सांगायचं झालं तर आपण असंच सांगतो. खांद्यावर शाल पडली की बुडाखालची खुर्ची गेली, हे शहाण्याने समजून घ्यायचं असतं. शाळेतले हेडमास्तर समजून घेतात, मंडळाचे अध्यक्ष समजून घेतात, बँकेतले साहेब घेतात. कुणाला वाईट बोलावं लागत नाही आणि फोटोही चांगले येतात. दामल्याच्या मेहुण्याने लक्ष्मी रोडवरून लाल पगडी पाठवली.

आरतीनंतर हॉल गच्च भरला होता. ऑगडन मागच्या रांगेत मोदक खात बसला होता. त्याला कशाचाच पत्ता नव्हता. अध्यक्षांनी त्याचं नाव पुकारलं तेव्हा तो दचकला. स्टेजवर अध्यक्षांनी अस्सल मराठीत भाषण केलं. ऑगडनसाहेबांनी आपल्या टीमची फार सेवा केली, आता त्यांनी विश्रांती घ्यावी आणि तरुणांना आशीर्वाद द्यावेत, वगैरे. ऑगडन शब्दही न कळता सरळ उभा होता. मग दामल्याने माइक घेतला. त्याला इंग्रजीत तेवढंच मोजकं बोलायचं होतं, पण ऐन वेळी पुन्हा दातखीळ बसली. 'थँक यू फॉर एव्हरीथिंग' म्हणायचं सोडून तो म्हणाला, "सर, आजपासून तुम्ही आमचे. कायमचे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. दामल्याने त्याच्या डोक्यावर पगडी ठेवली. ऑगडनने दोन्ही हातांनी ती चाचपून बघितली. त्याचे कान लाल झाले होते.  डोळ्यांत पाणी आलं. हॉलमधल्या बायकांनी पदर लावले डोळ्यांना.

खाली उतरून दामले माझ्या कानात म्हणाला, "सुटलो बाबा. किती सुंदर झालं ना?"

"पण समजलं का त्यांना?" सुनंदाने विचारलं.

"वहिनी, एवढं झाल्यावर कोणाला समजणार नाही?"

पुढच्या शुक्रवारी मोसमातली पहिली प्रॅक्टिस होती. मी गाडी काढायला खाली आलो तर ऑगडन किटबॅग घेऊन उभा. मला वाटलं, बघायला येतोय, सवय एकदम कशी सुटेल? गाडीत बसल्यावर त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून पगडी काढली आणि मांडीवर ठेवली.  अजमानच्या रस्त्याला लागल्यावर म्हणाला, "सगळ्यांसमोर. आणि आधी काही न सांगता. असंच देतात, देश. हीच पद्धत."

"काय देतात?" मी विचारलं.

तेव्हा मला त्या बोडक्या डोक्याची गोष्ट कळली. कौंटीत खेळायला लागलं म्हणजे कौंटीचे झालात असं नसतं. नुसती टोपी सगळ्यांनाच असते. पण खरी कॅप, कौंटीची, ती वेगळी. ती कॅप्टन द्यायचा, त्याला वाटेल तेव्हा, एखाद्या दिवशी अचानक, मैदानावर सगळ्यांसमोर. ती डोक्यावर आली की तुम्ही कायमचे त्यांचे. ड्रेसिंगरूममध्ये कपडे टांगायला तुमचा स्वतःचा खिळा. मग सप्टेंबरची भीती नाही. काही जणांना दोन वर्षांत मिळते, काहींना पाच. ऑगडनला मिळाली नाही.

"एका वर्षी मिळणार असं सगळे म्हणत होते," तो समोर रस्त्याकडे बघत सांगत होता. "माझी आई बसने यायची, मॅचचे तिन्ही दिवस. सँडविच घेऊन. शेवटच्या दिवशी लंचला कॅप्टन बाल्कनीत आला, फोटोग्राफर होता. मला हाक मारली, ये म्हणून. मी गेलो. कॅप दुसऱ्या मुलाला होती. मला टाळ्या वाजवायला बोलावलं होतं, फोटोत गर्दी दिसावी म्हणून."

"मग?"

"वाजवल्या. परत जाताना बसमध्ये आई म्हणाली, डेरेक, तू टाळ्या छान वाजवल्यास." त्याने पगडीची कड बोटाने सारखी केली. "त्यानंतर मी टोपी घातली नाही. आई आज असती तर तिला कळवलं असतं."

मी गाडी चालवत होतो. 

मैदानावर पोचल्या पोचल्या त्याने हातोडा काढला, पण मॅटकडे गेला नाही. आधी तंबूच्या मधल्या खांबावर एक खिळा ठोकला आणि त्यावर पगडी टांगली. मग मॅट ताणायला गेला. मी दामल्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो तिथेच वाळूत बसला.

"म्हणजे त्याला वाटतंय की..."

"आपण त्याला कायमचा टीममध्ये घेतला."

"आणि आपण तर..." दामल्याने पलीकडे मॅटवर वाकलेल्या ऑगडनकडे पाहिलं. "अरे देवा. आता?"

आता काय? आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते एकदाचं मिळालं म्हणून जो माणूस इतका सुखावला होता, त्याला जाऊन सांगायचं की बाबा, हा तुला निरोप होता? कुणाची टाप नव्हती. सावंतला दामल्याने खरं कारण सांगितलं तेव्हा तो पोरगा म्हणाला, "राहू द्या ना दामलेसाहेब. मी काय, पुढच्या वर्षी खेळेन." आणि ऑगडन सातला बॅटिंगला आला.

त्या मोसमात तो फार काही करू शकला नाही, पण आनंदात होता. त्या वर्षी खोक्यातलं सामान ऑक्टोबरची वाट न बघता, सत्कारानंतर लगेच खणात परत गेलं, हे ऑफिसात फक्त माझ्या लक्षात आलं. स्लिपमध्ये उभा राहून त्याने दोनचार कॅच असे घेतले की बघणाऱ्याने गुडघा विसरून जावं. बाकी वेळी आम्ही त्याच्या वाटचं पळत होतो. कुरकुर होती, एकदा कीपर म्हणालाच, "ये ऐसा कब तक चलेगा?" तरी कसेबसे आम्ही फायनलला पोचलो. दर शुक्रवारी पगडी यायची, खिळ्यावर लटकायची आणि मॅच संपली की पिशवीतून घरी जायची. डोक्यावर मात्र त्याने ती घातली नाही. घामाने खराब होईल म्हणायचा.

फायनलच्या आदल्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, मंडळाचा गुढीपाडव्याचा कार्यक्रम होता. ऑगडन आता मंडळाला आपलं समजायचा, टाय लावून आला होता. श्रीखंड झालं, गाणी झाली, आणि मग अध्यक्षांनी आमचे चीफ अकाउंटंट करंदीकरकाका यांना वर बोलावलं. काका रिटायर होऊन कायमचे सांगलीला निघाले होते. अध्यक्षांना वाटलं, सत्कार एखाद्या ज्येष्ठ माणसाच्या हातून व्हावा. समोर ऑगडन दिसला. त्यांनी त्यालाच वर घेतला. मला दुभाष्या म्हणून बरोबर उभं केलं. मी नको नको म्हणेपर्यंत शाल ऑगडनच्या हातात आलीसुद्धा.

ऑगडन खुशीत होता. माझ्याकडे झुकून हळूच म्हणाला, "करंदीकर खेळतो हे मला माहीत नव्हतं."

"खेळत नाहीत," मी म्हणालो.

"मग हे कशासाठी?"

खोटं बोलायला वेळच मिळाला नाही. "रिटायर होतायत," मी म्हणालो. "घरी चाललेत. कायमचे."

तेवढ्यात ताट आलं. नारळ, आणि शेजारी लाल पगडी. तशीच, त्याच दुकानातली.

ऑगडन ताटाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बघितलं. मला त्याच्या नजरेला नजर देता आली नाही आणि त्यातच त्याला सगळं कळलं असावं. माझ्या आयुष्यात मला इतकं वाईट फार थोड्या वेळा वाटलंय. त्याने शाल करंदीकरांच्या खांद्यावर दोन्ही बाजूंना सारखी घातली. पगडी ठेवली, एक पाऊल मागे सरकून ती सरळ आहे ना बघितलं, पुन्हा पुढे होऊन जराशी फिरवली. मग बाजूला उभा राहून टाळ्या वाजवल्या. छान वाजवल्या, अगदी शेवटचा माणूस थांबेपर्यंत.

घरी येताना गाडीत तो टायरमधल्या हवेबद्दल बोलला.

शुक्रवारी सकाळी आम्ही मैदानावर पोचलो. त्याने खिळ्यावर पगडी टांगली, हातोडा घेऊन मॅट ताणली, नेहमीपेक्षा थोडी जास्तच. मग तंबूत येऊन दामल्यासमोर उभा राहिला.

"सावंतला पॅड बांधायला सांग," तो म्हणाला. "मी आऊट आहे."

"सर, कोण म्हणतं? तुम्ही सातला..."

"सप्टेंबरमध्येच आऊट झालो. मला आवाज ऐकू आला नाही." त्याने हातोडा खाली ठेवला. "सहा महिने क्रीजवर उभा आहे मी, दामले. आयुष्यात असं कधी केलं नव्हतं."

  "सॉरी सर," दामले एवढंच म्हणाला. "आम्हाला नाही सांगता आलं."

"सांगितलंत की. शाल घालून सांगितलंत. आमच्याकडे दोन मिनिटांत सांगतात, आणि बसायलाही सांगत नाहीत."

तो वळला आणि त्याने खांबावरची पगडी काढली. तिच्यावर वाळू बसली होती ती शर्टाच्या बाहीने पुसली. मग ती दोन्ही हातांत धरून दामल्यापुढे केली.

"ही परत द्यायची असते का?" त्याने विचारलं.

 दामल्याने नुसतीच जोरजोरात मान हलवली. ऑगडनला तेवढं पुरलं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. आदल्या दिवशी मी त्याला खरं सांगितलं होतं, म्हणून असेल.

"नाही," मी म्हणालो. "आमच्यात दिलेली पगडी परत घेत नाहीत. कधीच."

त्याने थोडा विचार केला. "चालेल," म्हणाला.

सावंतने जीव तोडून बॉलिंग टाकली, तरी फायनल आम्ही हरलो. त्याच उन्हाळ्यात ऑगडनने व्हिसा कॅन्सल केला. त्याचे कागद मीच केले, विमानतळावरही मीच सोडलं. तिथे आम्ही हस्तांदोलन केलं आणि सामानाच्या वजनाबद्दल काहीबाही बोललो. पुढे दोनतीन नाताळांना त्याची कार्डं आली आणि मग यायची थांबली. तो डोळ्यांसमोर येतो तो मात्र त्या फायनलमधलाच.

आम्ही फिल्डिंग करत होतो. मी बारा जणांत नव्हतोच, तंबूबाहेर स्कोअर लिहीत होतो. ड्रिंक्स ब्रेक झाला. बारावा खेळाडू म्हणून पाणी न्यायचं काम ऑगडनने स्वतःकडे घेतलं होतं. पांढराशुभ्र ड्रेस, हातांत ग्लासांनी भरलेला ट्रे, एक पाय किंचित ओढत तो वाळूतून मधे निघाला. आणि डोक्यावर लाल पुणेरी पगडी. त्या मैदानावर त्याच्या डोक्यावर काही असलेलं आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. समोरच्या टीमची पोरं हसायला लागली. आमच्यातलं कुणी हसलं नाही.

खानसाहेबांनी ग्लास उचलला आणि विचारलं, "ऑगडनसाब, ये सर पे क्या है?"

"यांनी दिली," ऑगडन म्हणाला. "सगळ्यांसमोर."

हे मला नंतर दामल्याने सांगितलं. मला लांबून दिसलं ते एवढंच, की त्याने एकेकाला पाणी दिलं, रिकामे ग्लास गोळा केले आणि तो परत निघाला. मागे वळून बघायची त्याला सवय नव्हतीच. समुद्राकडून वारा सुटला होता आणि दोन्ही हातांत ट्रे होता, त्यामुळे पगडी सांभाळायची तर मान ताठ ठेवण्यावाचून इलाज नव्हता. तसाच, मान ताठ ठेवून, तो सावकाश तंबूपर्यंत चालत आला.